ढिगाच्या पायथ्याची खडी

"द्या ती पिशवी इकडं," खिडकीशी बसलेला तो म्हणाला.

केरळातल्या कोतमंगलमच्या बसमध्ये हे कुणाला नवं नाही. बसलेल्यानं हात पुढं करायचा, उभ्या असलेल्यानं ओझं सोपवायचं, आणि मग दोघांनीही एकमेकांकडं न बघता बाहेर बघायचं. पुढं बायकांची गर्दी, मागं पुरुषांची. फेबा नेमकी दोन्हींच्या मध्ये अडकली होती. तरीही ती घुटमळली.

"नको... जड आहे."

"म्हणून तर म्हणतोय."

त्यानं पिशवी ओढून मांडीवर घेतली, आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मांडी जरा इकडं सरकवली, मग तिकडं.

"काय आहे हो यात?"

"खडी."

"खडी म्हणजे... दगडांची?"

"दुसरी कसली असते?"

मागच्या दाराशी लटकलेला कंडक्टर बेन्नी ओरडत होता, "पुढं सरका, पुढं सरका. मोठ्यांच्या मध्ये शाळेची पोरं, पोरांच्या मध्ये दप्तरं. जागा भरपूर आहे, सरकायचं मन हवं."

"या बसमध्ये नारळ पाहिलेत, कोंबड्या पाहिल्यात," तो हळूच म्हणाला. "नव्या चुडीदारात खडी घेऊन निघालेली मुलगी पहिल्यांदाच पाहतोय."

"खडी मांडीवर घेऊन बसलेला माणूसही मी पहिल्यांदाच पाहतेय," ती बोलून गेली, आणि मग तिनं जीभ चावली.

तिचा थांबा आला. त्यानं पिशवी खिडकीतून खाली दिली, दोन्ही हातांनी, तान्हं मूल द्यावं तशी. ती घेताना फेबाची मान खाली गेली. त्याला वाटलं, लाजली.

लाजली होती खरी. पण त्याच्यामुळं नव्हे.

खडीचा नमुना कसा घ्यायचा हे फेबाला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून पाठ होतं. खडीचा ढीग ओतला की मोठे दगड घरंगळत पायथ्याशी येतात. बारीक माल आत आणि वर राहतो. म्हणून ढिगावर चढायचं, वरून, मधून, खालून थोडं थोडं घ्यायचं, आणि सगळं एकत्र कालवायचं. पण त्या दुपारी खडी फोडणाऱ्या क्रशरवर, ढिगासमोरच्या सावलीत, लोडरवाले जेवणाचे डबे उघडून बसले होते. मागं एकदा ती त्याच ढिगावरून घसरली होती, बसल्या बसल्या थेट खालपर्यंत. त्यांचं तेव्हाचं हसणं अजून तिच्या कानात होतं. त्यात आज चार वाजता घरी माणसं येणार होती, तिला बघायला. नवा चुडीदार, नाजूक पट्ट्यांच्या सँडल... तिनं इकडंतिकडं पाहिलं, पायथ्याशी वाकली आणि तिथूनच फावड्यानं पिशवी भरली. कुणाला कळणार होतं?

तिला कळलं होतं. तेवढं पुरतं.

माणसं आली, केळ्याचे काप खाल्ले, मुलगी उन्हात फिरून काळवंडलीय म्हणाली आणि गेली. खडी मात्र राहिली.

*

"अरे... खडीवाल्या मॅडम."

फेबानं मान वर केली. ती कामाला होती त्या साजू सरांच्या छोट्याशा तपासणी प्रयोगशाळेच्या दारात तोच उभा होता. एल्दो त्याचं नाव. एळंकुन्न गावात वाचनालयाची नवी इमारत उठत होती, तिथला इंजिनिअर. ज्या खडीचा अहवाल न्यायला तो आला होता, ती त्याच्याच मांडीवर बसून आली होती.

"म्हणजे मी माझंच ओझं वाहत होतो," तो म्हणाला.

टेबलावर चाळण्यांची उतरंड होती. वरची मोठ्या भोकांची, खालची तिच्याहून बारीक, अशा तळापर्यंत. प्रत्येकीत काय अडकलं ते फेबा तोलत होती.

"हे सगळं मीही शिकलोय," तो वाकून बघत म्हणाला. "पण परीक्षा झाल्यावर चाळणीतून गळून गेलं. पुन्हा सांगा ना."

"कंडक्टर बेन्नीचेट्टन काय ओरडतात बसमध्ये?"

"पुढं सरका."

"त्याच्यापुढं."

"मोठ्यांच्या मध्ये पोरं, पोरांच्या मध्ये दप्तरं..."

"तेच. नुसती जाडी खडी घेतली तर मध्ये पोकळ्या राहतात. त्यात मधली खडी, तिच्या फटीत बारीक, तिच्या फटीत वाळू. सगळ्या मापांची माणसं बसमध्ये आली की बस गच्च. मग सिमेंटला फक्त त्यांना धरून ठेवायचं काम उरतं."

"आणि सगळी पोरंच चढली तर?"

फेबा हसली. "ते समजवायला चहा लागेल."

रस्त्यापलीकडं मेरीचेचीच्या टपरीवर केळ्याची भजी निघत होती, लांब लांब, सोनेरी, पिकल्या नेंद्र केळ्याची. बाहेर तूळ महिन्यातला, ऑक्टोबर सरतानाचा दुपारचा पाऊस गडगडत आला आणि पत्र्यावर ताशा वाजू लागला. एल्दोला ऐकू यावं म्हणून तिला जरा जवळ सरकावं लागलं. जरासंच.

"हे बघा," ती कढईकडं बोट करून म्हणाली, "एका केळ्याचे दोन लांब काप केले की पीठ किती लागतं? आणि त्याच केळ्याचे बोटाएवढे तुकडे केले तर?"

"जास्त लागेल. सगळ्या अंगांना लावायचं म्हणजे..."

"बारीक माल वाढला की तसंच. अंग वाढतं, पीठ पुरत नाही. मिश्रण सुकं, चिकट, हलता हलत नाही. मग कुणीतरी शहाणा पिठात पाणी ओततो."

"आणि?"

"तेव्हा छान वाटतं. सगळ्यांना पीठ लागलेलं दिसतं. तेलात टाकलं की सुटून येतं."

"माझ्या पिठात कुणी पाणी घालायचं नाही हं," मेरीचेची झारा उगारून म्हणाली.

"मीसुद्धा घालणार नाही," एल्दोनं छातीवर क्रूस काढला. "मॅडमसमोर शपथ."

त्यानं स्वतःच्या बशीतलं कुरकुरीत टोक मोडून तिच्या बशीत ठेवलं. कुणी पाहिलं नाही. तिनं मात्र पाहिलं, आणि ते टोक सगळ्यात शेवटी खाल्लं.

त्या संध्याकाळी अहवाल देताना तिचा हात क्षणभर थांबला. चाळणीनं सांगितलं होतं की खडी जाडी आहे, पोकळ्या जास्त आहेत. म्हणून तिनं बारीक खडी आणि क्रश सँड, म्हणजे दगडाची वाळू, वाढवून प्रमाण बसवलं होतं. कागदावर सगळं चोख होतं. 'पुन्हा एकदा क्रशरवर जाऊन येते,' एवढंच म्हणायचं होतं. पण मग तो विचारील, का? आणि तिला सांगावं लागेल... चार लोडरवाल्यांच्या हसण्याला भ्याले म्हणून.

"उशीर झाला का माझ्यामुळं?" त्यानं विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि कागद त्याच्या हातात दिला.

*

खांब भरायच्या दिवशी एळंकुन्नमध्ये सणच होता. वाचनालयाचे सेक्रेटरी माधवन मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, पांढरीशुभ्र मुंडू नेसून सकाळपासून हजर. पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये म्हातारे वर्तमानपत्रं उघडून बसलेले, पण वाचत कुणीच नव्हतं. बायकांनी कप्प्याचे कंद शिजवून आणले होते, सोबत लालभडक मासळीची आमटी.

फेबा ठोकळे भरायला आली होती. खांबात जो माल जातो त्याचेच ठोकळे साच्यात भरायचे, पाण्यात ठेवायचे आणि नंतर यंत्रात दाबून फोडायचे. खांबांचं खरं बळ तेच सांगतात.

मिक्सरमधून पहिला माल पडला आणि तिनं वाकून पाहिलं. माल फावड्याला चिकटत होता. सळ्यांच्या जाळीत उतरत नव्हता, वरच बसून राहत होता. एल्दोनं तिच्याकडं पाहिलं, नुसतं डोळ्यांनी विचारलं, असा का?

"जरा... जास्त वेळ फिरू द्या मिक्सर," ती म्हणाली आणि साचे पुसायला शेडमागं गेली. साचे स्वच्छच होते. तरी ती पुसत राहिली.

परत आली तेव्हा माल कसा छान वाहत होता. कामगारांचे चेहरे खुलले होते. मिक्सरजवळ एक बादली आडवी पडली होती, तिच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. फेबानं बादलीकडं पाहिलं. एल्दोनं फेबाकडं पाहिलं. तिनं त्या वाहत्या मालाचे ठोकळे भरले.

जेवताना त्यानं तिच्यासाठी केळीचं पान आणलं, त्यावर कप्पा, आमटी, कडेला मीठ.

"खा ना."

"तुम्हीही खा."

दोघांच्याही पानात अर्धं तसंच उरलं. आमटी वाढणारी बाई पुटपुटली, "ही दोघं नुसती एकमेकांकडं बघून पोट भरताहेत वाटतं." सगळे हसले. ती दोघं सोडून.

*

आठवड्यानं पहिला ठोकळा यंत्रात ठेवला. काटा जिथं पोचायला हवा होता, त्याच्या किती तरी अलीकडं तो फुटला. आवाजही धड झाला नाही, ओलसर रस्क मोडावा तसा.

"अजून कोवळा आहे," साजू सर म्हणाले. "महिन्याचा होऊ दे. भरून येईल."

फेबाला तेवढा धीर नव्हता. रविवारी चर्च सुटल्यावर ती क्रशरवर गेली. तिथं कुणी नव्हतं. ती ढिगावर चढली. वरून घेतलं, मधून घेतलं, खालून घेतलं. सोमवारी चाळलं. बारीक माल भरपूर होता. खडी जाडी नव्हतीच. पायथा तेवढा जाडा होता. आधीच बारीक असलेल्या मालात तिनं आणखी बारीक ओतायला सांगितलं होतं. तुकडेच तुकडे, आणि पीठ तेवढंच.

त्या दिवसापासून तिला एल्दोचा फोन घेववेना. फोन वाजला की ती तो पालथा ठेवायची. थरथरून थरथरून तो गप्प व्हायचा आणि तिचा चेहरा तापायचा. काय सांगायचं त्याला? ज्या पिशवीवरनं आपण दोघं हसलो, तीच खोटी होती म्हणून? मग फोनच येईनासा झाला. तिनं ओळखलं, त्याला कळलंय.

तिकडं एल्दोनं ओळखलं होतं की तिला कळलंय. बादली पाहिली होती ना तिनं. मेरीचेचीसमोर शपथ घेतलेला माणूस, पहिल्याच खांबाला मोडला. तिनं फोन उचलला नाही यात नवल ते काय.

महिनाभरानं उरलेले ठोकळे फोडले. आकडा जेमतेम सरकला होता.

साजू सरांनी दार लोटून घेतलं. "हे बघ फेबा, ठोकळे पाण्याबाहेर राहिले, उन्हात वाळले असं लिही. ठोकळे वाईट म्हणजे खांब वाईट असं थोडंच आहे? उद्या तिथं वरचा स्लॅब टाकायचाय."

"सर, ते पाण्यातच होते."

"मला माहितीय. मी काय लिही म्हणालो ते ऐकलंस ना?"

तिनं ऐकलं होतं. आदल्या आठवड्यात एळंकुन्नवरून बस गेली तेव्हा तिनं खिडकीतून पाहिलं होतं. वरच्या मजल्याची सेंट्रिंग चढली होती, आणि खालच्या खांबांभोवती पोरं लपाछपी खेळत होती. एक चिमुरडी एका खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून, डोळे मिटून आकडे म्हणत होती. वर मुलांचा विभाग व्हायचा होता.

फेबानं फुटलेल्या ठोकळ्याचा एक तुकडा पिशवीत टाकला आणि सरांना न विचारता बाहेर पडली.

*

बस यायला आणि आभाळ फुटायला एकच गाठ पडली. बेन्नीनं खिडक्यांचे ताडपत्रीचे पडदे धडाधड खाली सोडले, बसमध्ये भरदुपारी अंधार झाला. ओल्या छत्र्यांचा, डिझेलचा, घामाचा वास. फेबा मध्ये कुठंतरी दांडा धरून उभी होती.

"द्या ती पिशवी इकडं."

तो आवाज तिनं न बघताच ओळखला. क्षणभर वाटलं, उतरून जावं. पण बस सुटली होती. तिनं पिशवी दिली.

"आज हलकी आहे," एल्दो म्हणाला. मग त्यानं हातानं चाचपलं. "...ठोकळा?"

"फुटलेला."

"मी प्रयोगशाळेतच यायला निघालो होतो. सकाळपासून दोनदा तुमच्या थांब्यावरून गेलो, उतरवेना. फेबा, मी पाणी ओतू दिलं त्या दिवशी. माल हलत नव्हता, सगळं गाव बघत होतं, कामगार हसायला लागले होते... 'सरांना काँक्रीट येत नाही' म्हणून. मी म्हटलं, ओत. प्रत्येक घाण्याला ओत म्हटलं."

"माल हलत नव्हता तो माझ्यामुळं."

"तुमच्यामुळं कसा? बादली मी..."

"खडी पायथ्याची होती."

"कुठली खडी?"

"तुमच्या मांडीवरची," ती म्हणाली. "मी ढिगावर चढले नाही. लोडरवाले हसतील म्हणून. खालूनच भरून घेतली. मग अहवाल चुकला, प्रमाण चुकलं... आणि त्या दिवशी माल बघताच मला कळलं होतं, तरी मी साचे पुसत बसले."

"पण मी पाणी घातलं नसतं तर तुम्हाला काम थांबवावंच लागलं असतं. म्हणजे चूक माझी."

"माझी आधी घडली."

"आधीचं काय घेऊन बसलात? शपथ मी मोडली."

"तुम्ही ऐकूनच घेत नाही."

त्याच्या शेजारी बसलेले काका मघापासून कान देऊन होते. त्यांनी जांभई दिली. "बायकोशी वाद घालून कुणी जिंकलंय का रे? किती वर्षं झाली लग्नाला?"

"नाही झालेलं..." एल्दो म्हणाला, "अजून."

तो 'अजून' अंधारात तसाच राहिला. फेबा ओल्या पडद्याकडं बघत होती. मग ती म्हणाली, "मी एळंकुन्नला उतरणार आहे. मास्तरांना सांगायला."

"मीही," तो म्हणाला. "नोकरी जाईल बहुतेक."

"माझीही."

"बरं झालं. एकट्याला जड गेलं असतं."

*

माधवन मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. वर्तमानपत्राची घडी घातली, ती पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"वर मुलांचा विभाग होणार होता," ते एवढंच म्हणाले.

"होईल, मास्तर," एल्दो म्हणाला. "पण या खांबांवर नाही."

"चूक कुणाची?"

"माझी," दोघंही म्हणाली.

शेडमधले म्हातारे एकमेकांकडं बघू लागले. कुणीतरी खाकरलं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं फेबाला वाटलं.

मग जे व्हायचं ते झालं. कोचीहून माणसं यंत्रं घेऊन आली, खांब तपासून नकारार्थी मान हलवून गेली. कंत्राटदारानं एल्दोला भर रस्त्यात, चहाच्या टपरीसमोर उभं करून झाडलं. कामावरून काढलं नाही, पण निम्मं गाव ऐकत होतं. साजू सरांनी फेबाला ठेवून घेतलं आणि तिच्याशी बोलणं टाकलं. घरी आई एवढंच म्हणाली, "चर्चमध्ये लोक विचारतात, मी काय सांगू?"

खांब फोडायच्या दिवशी तिनं रजा घेतली आणि एळंकुन्नला गेली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. घरी बसूनही ते घाव ऐकू आले असते. ब्रेकर धडधडत होता, धुरळा उडत होता, आणि सिमेंटच्या पोटातून खडी सुटून खाली पडत होती. हाताला येईल इतकी सहज. तिनं एक खडा उचलला. त्याचं अंग कोरडं होतं, सिमेंट त्याला चिकटलेलंच नव्हतं. एल्दो धुरळ्यात पलीकडं उभा होता. तिनं जवळ बोलावलं नाही, तोही आला नाही. पण दिवसभर दोघांपैकी कुणी हललं नाही.

शाळा सुटली तशी ती चिमुरडी आली, खांबाला मिठी मारणारी. सोबत तिची आई.

"आमची लायब्ररी का तोडताय?"

आईनं तिला ओढून पदराआड घेतलं, धुरळ्यापासून दूर. फेबा त्या मुलीपुढं उकिडवी बसली.

"मी चुकले म्हणून."

मुलीनं जरा विचार केला. "मग सॉरी म्हण."

"सॉरी."

"हं," मुलगी म्हणाली, आणि आईचं बोट धरून गेली. तिची आई मात्र दोनदा मागं वळून बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, मोजमाप होतं. ही बाई पुन्हा बांधणार, तर हिच्यावर विश्वास ठेवायचा का, याचं. फेबाला ते रागाहून जड गेलं.

*

नव्या खांबांसाठी नवा नमुना हवा होता. या वेळी एल्दोही क्रशरवर आला.

सावलीत लोडरवाले डबे उघडून बसले होते. नेमकी तीच वेळ.

"मी चढू?" त्यानं विचारलं.

"नको. पिशवी धरून खाली उभे राहा. आणि हसायचं नाही."

ती चढली. अर्ध्यावर पायाखालची खडी सुटली आणि ती सरकत, दगडांच्या लोटासकट, पार त्याच्या पायाशी आली. सावलीत हसण्याचा फवारा उडाला. एक पिकल्या मिशांचा म्हणाला, "सावकाश गं पोरी, ढीग कुठं पळून जात नाही." तिचे कान तापले, तळवे सोलवटले. डोळ्यांत पाणी यायच्या आत ती उठली आणि पुन्हा चढू लागली. या खेपेला हसणं अर्ध्यावरच थांबलं. वर पोचून तिनं वरचा थर बाजूला सारला, आतला माल खणून घेतला. मग मधला. मग पायथ्याचा.

एल्दो हसला नव्हता. त्यानं फक्त स्वतःचा रुमाल भिजवून पिळून ठेवला होता.

बसमध्ये एकच जागा मिळाली. "तुम्ही बसा," ती म्हणाली. तो बसला, पिशवी मांडीवर. तीच पिशवी, तेवढीच जड.

"फेबा..."

"हं?"

"पाणी न घालता विचारू?"

तिनं दांडा घट्ट धरला. सोललेला तळवा झोंबला.

"लग्न करशील माझ्याशी? माझ्या हातून काय झालं ते तुला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणाला सांगायचं म्हटलं तर मी सजवून सांगीन. तुझ्यासमोर ते होत नाही."

"पुढं सरका," बेन्नी ओरडला, "मोठ्यांच्या मध्ये पोरं..." एक दप्तरवालं पोर दोघांच्या मध्ये घुसलं. त्याच्या डोक्यावरून फेबानं एल्दोकडं पाहिलं.

"रविवारी घरी या. चार वाजता," ती म्हणाली. "आई केळ्याचे काप करील. पण मी नवा चुडीदार घालणार नाही. क्रशरवरून येईन तशीच येईन."

"उन्हानं काळवंडलेली?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोतमंगलममध्ये काय लपून राहतं?"

"काहीच नाही," ती म्हणाली, "आता काहीच राहिलं नाही लपवायला." आणि कितीतरी दिवसांनी तिला हसू आलं. ते पुरतं ओठांवर आलं नाही, अर्ध्यावरच थांबलं, पण आलं.

तिचा थांबा आला. त्यानं पिशवी खिडकीतून दिली, पहिल्या दिवसासारखीच, दोन्ही हातांनी. ती घेताना पट्टा तिच्या तळव्याला चरचरून लागला. तिनं हात बदलला नाही, मानही खाली घातली नाही. बस वळणाआड जाईपर्यंत खिडकीतला त्याचा हात दिसत होता. खडीच्या धुळीनं तोही पांढरा झाला होता.